लाल दोऱ्यात बांधलेली पानं

अक्काच्या सासरच्या गावात दर श्रावणात एक युद्ध होतं. गाव पाटणच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या देवळात महिनाभर रोज संध्याकाळी पोथी वाचतात आणि कर्ण्यातून ते युद्ध गावभर ऐकू येतं. भाताच्या खाचरातून परतणाऱ्या बायकांना, दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसांना, गोठ्यातल्या म्हशींना. कुणाचा रथ मोडला, कुणाचं शीर कुठं जाऊन पडलं, कुठल्या बाणाला किती टोकं होती, सगळं तपशीलवार. मग शेवटचा सेनापती पडतो आणि पुढच्याच ओवीला राज्याभिषेक सुरू होतो. शंख वाजतात. पेढे वाटतात.

मधली अकरा पानं वाचत नाहीत.

ती लाल दोऱ्यात बांधून ठेवलेली असतात. पोथी सुट्या पानांची आहे, बोरूनं लिहिलेली, गावातल्याच कुणीतरी कधीकाळी रचलेली. कुणी रचली ते कुणाला सांगता येत नाही. युद्ध संपल्यावर रणांगणात आलेल्या बायका त्या अकरा पानांवर आहेत. गावात त्यांना ‘बायकांची पानं’ म्हणतात. या गावात बहुतेक घरांतला एक तरी माणूस फौजेत असतो आणि ज्या घरातला माणूस सीमेवर आहे त्या घराच्या कानावर ती पानं पडू नयेत, असा रिवाज आहे. मुंडकी उडालेली कानावर पडली तर चालतात. त्या मुंडक्यांच्या मागं कुणी रडलेलं चालत नाही.

हे कळलं तेव्हा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझं बालपण सांगलीत एका छापखान्यात गेलं. छापखाना वडिलांचा. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. मोर्चा हमालांचा असो, मोलकरणींचा असो, धरणग्रस्तांचा असो, पत्रक आमच्याकडं छापलं जायचं. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून मी अक्षरं शिकले, म्हणजे आधी उलटी शिकले. गोष्टीचं पहिलं पुस्तक हातात पडण्याआधी मी शंभरेक पत्रकं वाचली असतील. वाया गेलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची. भूगोलाच्या वहीवर सरकारला जाब विचारलेला असायचा आणि गणिताच्या वहीवर हुंड्याला विरोध. पत्रकं वाटायला वडिलांची एक खाकी पिशवी होती, ती पुढं माझ्या खांद्यावर आली. पिशवीबरोबर एक नियमही आला. पत्रकात उदाहरण हवं. उदाहरण नसलेलं पत्रक म्हणजे नुसती बोंब. वडील हे इतक्या वेळा म्हणाले होते की मला तो निसर्गनियम वाटायचा.

अक्का माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा फौजेत होता. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा तो गेला. सीमेवरच्या चौकीवर तोफगोळा पडला. पेटी आली ती तिरंग्यात गुंडाळून. बरोबर आलेल्या साहेबांनी हात जोडून सांगितलं, पेटी उघडू नका. अक्कानं एकदाच विचारलं, नुसता हात तरी बघू द्या. तिच्या सासऱ्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ते स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले. अशा पेटीत काय असतं आणि किती असतं ते त्यांना ठाऊक होतं. पेटी बंदच राहिली.

पुढं गावानं वेशीवर कमान बांधली. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला अक्काला स्टेजवर खुर्ची मिळू लागली. शाल, नारळ, भाषण. भाषण करणारा प्रत्येक जण तिला वीरपत्नी म्हणतो आणि तिच्याकडं न बघता म्हणतो. त्याच जानेवारीत संक्रांत असते. तेव्हा वाणाची ताटं तिच्या दारावरून पुढं जातात. चौदा तारखेला जी बाई समोर आलेली चालत नाही ती सव्वीस तारखेला झेंड्याशेजारी बसलेली चालते. बारा दिवसांत गाव तिला अपशकुनातून पूजेत नेतं आणि या प्रवासात तिला कुणी काही विचारत नाही.

गेल्या श्रावणात मी तिच्याकडं चार दिवस राहायला गेले होते. पोथी वाचतात ते तिचे सासरेच. गाव त्यांना आबा म्हणतं, अक्काही तेच म्हणते. परेडला सरावलेला त्यांचा आवाज कर्णा नसता तरी चालला असता. पोथी त्यांच्याच घरी देवघरात असायची आणि संध्याकाळी बासनात बांधून काखेतून देवळात जायची. दुपारी आबा जेवून शेताकडं जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत गेले तर अक्का पोथी घेऊन बसली होती. लाल दोरा सोडून शेजारी ठेवलेला. समोर दोन बायका. एक नानी, ऐंशीच्या पुढची, तिचा नवरा फार मागच्या एका लढाईत गेलेला. तिला अक्षरओळख नाही. दुसरी पलीकडच्या घरातली वहिनी, तिचा मुलगा आत्ता या क्षणी बर्फात पहाऱ्यावर होता. म्हणजे रिवाजानुसार ती पानं जिनं मुळीच ऐकायला नकोत ती हीच. ती तांदूळ निवडत ऐकत होती. अक्का वाचता वाचता थांबली, माझ्याकडं बघितलं आणि पुढं वाचू लागली. दोन वर्षं त्यांचं हे चाललं होतं.

मीही बसले. पानांवर असं होतं. लढाई संपली आहे. बायका पहिल्यांदा त्या मैदानात पाऊल टाकतात. त्यातली एक तोंडं बघत नाही, नुसत्या वहाणा बघत फिरते, कारण नवऱ्याच्या तुटलेल्या वहाणेचा अंगठा तिनंच शिवून दिला होता आणि तेवढीच खूण तिला भरवशाची वाटते. दुसरी एका प्रेताच्या तोंडावरची माती पदरानं पुसते. पुसल्यावर कळतं की हा आपला नाही. तरी पुसत राहते. एक म्हातारी राणी जिंकलेल्यांच्या शहाण्या सल्लागारापुढं उभी राहते आणि त्याला विचारते की हे सगळं थांबवायची अक्कल आणि ताकद तुझ्यापाशी होती, मग थांबवलं का नाहीस. तो खाली बघतो, एवढंच लिहिलं आहे.

वाचून झाल्यावर अक्कानं पानं जुळवली. मी विचारलं, तुला हे पुन्हा पुन्हा वाचवतं कसं. ती दोऱ्याची गाठ मारत म्हणाली, “ह्यांना निदान बगाय तरी मिळालं गं.”

मी मिरजेच्या कॉलेजात जुनं साहित्य शिकले आहे. वर्षभर आम्हाला धर्मयुद्ध शिकवलं. निःशस्त्रावर वार करावा का, गुरूवर बाण सोडावा का, रात्री झोपलेल्यांना मारावं का, यावर मी दहा-दहा गुणांची उत्तरं लिहिली. त्या सगळ्या नीतीच्या चर्चेत पुरुष पुरुषाला विचारतो आणि पुरुष पुरुषाला सांगतो. बाई त्याआधी येते, युद्धाचं कारण म्हणून. तिच्या अपमानाची गोष्ट एवढ्या वेळा सांगतात की सैन्य जमवायला ती पुरते. पण सैन्य जमल्यावर, बाई, तुझ्या अपमानाच्या बदल्यात एवढी माणसं मारलेली तुला चालतील का, हे विचारायला एकही माणूस तिच्याकडं गेल्याचं मला कुठल्या जुन्या ग्रंथात सापडलं नाही. नंतर ती येते ती रडायला. तेवढंच तिचं स्वतःचं प्रकरण. आणि या गावानं तेही दोऱ्यानं बांधलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आबांशी बोलायला गेले. ते ओट्यावर बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज करतात. अक्काचं दुपारचं वाचन मी त्यांना सांगितलं नाही, एवढी अक्कल तेव्हा होती. मी नुसतं म्हणाले की समाप्तीच्या दिवशी ती अकरा पानंही वाचा. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, माझ्या वडिलांची चौकशी केली. मग शांतपणे समजावू लागले. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याची आई घरी ते ऐकून बसली तर फोनवर तिचा आवाज बदलतो. आईचा आवाज बदलला की तिकडं त्याचा हात ढिला पडतो. हे आपण डोळ्यांनी बघितलंय, म्हणाले.

मी म्हणाले, “आबा, त्या पानांवर लिहिलंय ते खोटं आहे का?”

ब्रश थांबला. “खरं हाय,” ते म्हणाले. “खरं हाय म्हणून तर बांधलंय, बाळ.”

वाद घालायला माणूस चिडका असला की सोपं जातं. आबा चिडले नाहीत. ते म्हणाले, तू शहाणी आहेस, सांगलीला गेल्यावर कुठल्याही दुकानातून दुसरी पोथी घे आणि वाच. हेही मी करून बघितलं. पुढं एक छापील पोथी अक्काला नेऊन दिली. तिनं दोन पानं चाळली आणि परत केली. त्यात वहाणा बघणारी बाई नव्हती. ती फक्त या गावच्या पोथीत आहे.

सांगलीला परतले ती पत्रक डोक्यात घेऊनच. ‘अकरा पानं उघडा’ असा मथळा. वडिलांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, चांगलं आहे, पण उदाहरण कुठंय. मग मी ती ओळ घातली. ‘याच गावात एक वीरपत्नी आजही भर दुपारी चोरून ही पानं वाचते, कारण तिला तिच्या नवऱ्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही.’ लिहून झाल्यावर ती ओळ मी दोनदा मोठ्यानं वाचली होती आणि मला वाटलं होतं की हे चांगलं लेखन आहे. नाव घातलं नव्हतं. त्या गावात पेटी न उघडलेली घरं किती, हा हिशोब कुणी शेंबड्या पोरानंही केला असता. मी केला नाही.

समाप्तीच्या आदल्या दिवशी कराडला एसटी बदलून मी थेट देवळाच्या पायरीशी उतरले आणि खाकी पिशवीतली पत्रकं वाटली. लोक घेत होते, वाचत होते, माझ्याकडं बघत होते. मी खूश होते. आजही ती खुशी आठवली की मला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

तासाभरात देवळात पुरुषांची बैठक बसली. कुणी आरडाओरडा केला नाही, मला कुणी शिवी दिली नाही. नुसतं ठरवलं. पोथी यापुढं कुणाच्या घरी राहणार नाही. देवळातल्या लोखंडी कपाटात राहील आणि किल्ली आबांकडं. आबांनी तिथंच किल्ली करगोट्याला बांधली. पलीकडच्या वहिनीला तिच्या नवऱ्यानं देवासमोर उभं करून शपथेवर विचारलं, ऐकायला जात होतीस का. ती नाही म्हणाली. त्या खोट्यानंतर तिनं अक्काच्या घराकडच्या कुंपणाशी यायचंही सोडलं. मुलगा बर्फात आहे, शपथ खोटी घेतली आहे. ती काय घेऊन झोपत असेल याचा विचार करायला माझ्या पत्रकात जागा नव्हती.

मी अक्काच्या घरी गेले तर ती पडवीत बसली होती. पत्रक मांडीवर. नानीही होती, भिंतीला टेकून. मी म्हणाले, आता त्यांना उत्तर द्यावं लागेल, मी पेपरात लिहिते.

अक्का म्हणाली, “तू मला इचारलंस का?”

मी काहीतरी बोलायला लागले. बहुधा तिच्या हक्काबद्दलच.

“त्यांनी मला स्टेजवर बसवलं, तू कागदावर बसवलंस. बसाय येतीस का म्हणून कुणीच इचारलं न्हाई.” मग पत्रकाची घडी घालत म्हणाली, “माझ्याकडं अकरा पानं हुती. ती बी घालवलीस.”

नानी तेवढ्यात म्हणाली, “घडी मोडू नगंस. चुलीला हुईल.” अक्का हसली. मला हसू आलं नाही आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

त्या संध्याकाळी मला जे कळलं ते कबूल करायला अजून जड जातं. मी ज्यांच्यावर चिडून होते त्या जुन्या कवींनी जे केलं तेच मी केलं होतं. बाईचं दुःख उचललं, आपल्या लढाईचं कारण म्हणून सगळ्यांच्या पुढं वापरलं आणि लढायला निघाले. पण म्हणून गावावरचा माझा राग एका मापानंही कमी करायला मी तयार नाही. चूक माझी होती. कुलूप त्यांचं आहे.

समाप्तीला देऊळ भरलं होतं. बायका डाव्या बाजूला, नेहमीप्रमाणे मागं. विधवांनी खांबाच्याही मागं बसायचं, तिथं अक्का आणि नानी बसल्या होत्या. मी बाहेर पायरीवर होते, मला आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. आबा वाचत होते. शेवटचा सेनापती पडला. त्यांनी बांधलेली पानं उचलून बाजूला ठेवली, पुढचं पान घेतलं आणि राज्याभिषेकाची पहिली ओवी उघडली.

खांबामागून अक्काचा आवाज आला. “आबा, मधली पानं ऱ्हायली.”

ती ओरडली नाही. जेवताना वाढायचं राहिलं तर सांगतात तसं म्हणाली. आबांसमोर माइक होता, त्यानं ते उचललं आणि कर्ण्यातून ते गावभर गेलं. खाचरांवरून, कमानीवरून. आबांनी मान वर केली नाही, पण वाचलंही नाही. बराच वेळ कर्ण्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, परेडचा आवाज असलेल्या माणसाचा जड, खरखरीत श्वास. मला वाटलं आता त्यांचा हात त्या दोऱ्याकडं जाईल. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि राज्याभिषेक वाचला. शेवटपर्यंत वाचला. पेढे वाटले गेले.

आबांचं दुःख मला दिसत नाही असं कुणी म्हणू नये. तो त्यांचाही मुलगा होता. पेटीत काय होतं ते ओळखणारा त्या घरात तो एकच माणूस होता आणि ते त्यांनी एकट्यानं पोटात ठेवलं. ठेवावं. पण स्वतःच्या दुःखाला जपायला दुसरीच्या दुःखाला कुलूप घालायचा हक्क त्यांना कुणी दिला? फौजेनं दिला नाही. पोथीनं दिला नाही, पोथीत ती पानं लिहिलेली आहेत. हा हक्क त्यांनी घेतला आणि गावानं त्याला रिवाज म्हटलं.

त्यानंतर दर सोमवारी अक्का देवळात जाते. दिव्याचं तेल त्याच लोखंडी कपाटात असतं, म्हणून सोमवारी सकाळी आबा कपाट उघडतात. तेव्हा पाचपन्नास माणसं दर्शनाला असतात. ती सगळ्यांसमोर म्हणते, आबा, पानं द्या. दोन वर्षं लपून वाचलेली पानं ती आता उघड मागते. मी सुचवलेलं नाही. कुणीच सुचवलेलं नाही. पहिले सहा महिने ते ‘न्हाई’ म्हणायचे. घरी आल्यावर दोघं त्याबद्दल बोलत नाहीत, ती त्यांना जेवायला वाढते, ते मुकाट जेवतात. होळीनंतर एका सोमवारी ते म्हणाले, “आज न्हाई.” तेव्हापासून तेच म्हणतात.

मी फोनवर म्हणाले, एकच झालं की. अक्का म्हणाली, “पत्रकातल्या काना-मात्रेचा तुला लय फरक कळतोय. ह्यो कळंना व्हय?”

दुपारी ती नानीला पानं तोंडपाठ म्हणून दाखवते. सगळी येत नाहीत. ती अडखळली की नानी पुढचं सांगते. वाचता न येणाऱ्या त्या म्हातारीला ऐकून ऐकून अक्कापेक्षा जास्त येतं. पण वहाणा बघत फिरणाऱ्या बाईपाशी दोघीही अडतात. तिला वहाण सापडते का, हे नेमक्या कुठल्या ओवीत आहे ते दोघींना आठवत नाही. नानी म्हणते सापडते. अक्का म्हणते आठवत नाही. मी ती पानं एकदाच ऐकली, मला सांगता येत नाही. ते कपाटात आहे, आणि नानीचं वय बघता तिला थांबायला फार वेळ नाही.

हे लिहिण्याआधी मी अक्काला विचारलं. तिनं आठवडा घेतला. मग सांगितलं, लिही. नावं घालू नकोस, माझं नको, आबांचं नको, गावाचं तर नकोच. गावात वाटू नकोस. आणि माझ्या तोंडी जे नाही ते घालू नकोस. मी तिला सगळं वाचून दाखवलं. दोन वाक्यं तिनं काढायला लावली, ती काढली. त्यातलं एक माझं फार आवडतं होतं.

परवा सोमवार आहे. श्रावण महिन्यावर आलाय. नानी म्हणते, या वेळी मीही काठी टेकत येते, बघू मला काय म्हणतोय सुभेदार. मी अक्काला विचारलं, मी येऊ का?

“ये की,” ती म्हणाली. “पण ती खाकी पिशवी घरी ठेवून ये.”